एकच समजलेलं गांडूळ निघालं चार प्रजातींचं! हे कळलं कसं?

‘गांडूळ शेतकऱ्याचा मित्र’ हे शाळेत सगळेच शिकतात. पण कोणतं गांडूळ? या प्रश्नाचं उत्तर संशोधकांनाही सहज देता येत नाही. उष्ण कटिबंधात सर्वाधिक पसरलेलं ‘पॉन्टोस्कोलेक्स कोरेथ्रुरस’ हे गांडूळ त्याचं ठळक उदाहरण आहे.

ते आलं कुठून?

हे गांडूळ मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. १८५७ मध्ये फ्रिट्झ म्युलर यांनी ब्राझीलच्या ब्लूमेनाऊमधून त्याचं पहिलं वर्णन केलं. माणसाने नेलेल्या रोपांच्या मातीतून ते देशोदेशी गेलं. केरळमधल्या रबराच्या मळ्यांतही ते सापडतं. त्याला जोडीदाराशिवाय पिल्लं होऊ शकतात. त्यामुळे नव्या जागी एकटं पोहोचलं तरी त्याला पुरतं.

गांडूळ ओळखतात कसं?

नुसत्या रंगावरून किंवा लांबीवरून प्रजाती ठरत नाही. त्यासाठी पूर्ण वाढलेलं, म्हणजे अंगावर जाडसर पट्टा आलेलं गांडूळ लागतं. हा पट्टा शरीराच्या कितव्या वलयापासून सुरू होतो, अंगावरचे बारीक काटे कसे मांडलेले आहेत, हे पाहतात. मग चिरफाड करून आतले जननाचे अवयव तपासतात. पिल्लांमध्ये यातलं बरंच काही तयारच झालेलं नसतं.

डीएनएने काय दाखवलं?

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५ देश आणि बेटांवरची ७९२ गांडुळं तपासली गेली. त्यातून दिसलं, की या एका नावाखाली चार प्रजाती लपल्या होत्या. काही ठिकाणी तर त्या एकाच मातीत शेजारी राहत होत्या.

मग मूळ नाव कोणाचं? संशोधकांनी म्युलर यांच्या बागेतली गांडुळं तपासली. तिथे चारपैकी एकच प्रजाती होती. जुनं नाव तिलाच मिळालं.

याने फरक काय पडतो?

अ‍ॅमेझॉनमध्ये जंगल तोडून केलेल्या कुरणांत हे गांडूळ प्रचंड वाढलं आणि मातीचा वरचा थर घट्ट झाला. इतर काही प्रयोगांत मात्र त्याच्यामुळे पिकं जोमाने वाढली. हे सगळे निष्कर्ष एकाच नावाखाली जमा झाले आहेत. त्यातला कोणता निष्कर्ष कोणत्या प्रजातीचा, हे शोधायचं तर तेव्हाची गांडुळं जपून ठेवलेली असायला हवीत. म्हणूनच मातीच्या अभ्यासात अल्कोहोलमध्ये ठेवलेली गांडुळांची बाटली अहवालाइतकीच मोलाची असते.