घरघर, सुंईसुंई आणि एक प्रश्नावली

लहान मुलाच्या छातीतून निघणाऱ्या एका बारीक आवाजाला मराठीत नेमके काय म्हणावे, या एकाच प्रश्नाने मला गेली कित्येक वर्षे असे झपाटले आहे की, परभाषेतील वैद्यकीय प्रश्नावल्यांचे मराठी मसुदे तपासण्याचे जे काम मी एका बालरोगतज्ज्ञ स्नेह्याच्या भिडेखातर पत्करले, तेच पुढे माझा निदिध्यास होऊन बसले. इंग्रजीत या आवाजाला ‘व्हीझ’ म्हणतात. श्वासनलिका आकुंचित झाल्या म्हणजे उच्छ्वासाची हवा अरुंद वाटेने बाहेर पडताना जी शिट्टी वाजते, ती ही व्हीझ. आणि बालदम्याच्या कित्येक प्रश्नावल्यांचा सारा डोलारा या एका शब्दावर उभा आहे.

१९९१ साली सुरू झालेल्या ‘आयझॅक’ या मुलांच्या दम्याविषयीच्या जागतिक पाहणीचेच घ्या. तिचे दफ्तर न्यूझीलंडमधील ऑकलंडला होते. पहिल्या टप्प्यात ५६ देशांतील १५५ केंद्रांतून तेरा-चौदा वर्षांच्या ४,६३,८०१ मुलांचे जाबजबाब गोळा झाले, आणि त्या केंद्रांत आपले मुंबई, पुणे व अकोलाही होते. दम्याचे नाव न घेता आधी लक्षणे विचारावयाची आणि ‘तुला कधी दमा झाला आहे का?’ हा प्रश्न मागाहून, ही या प्रश्नावलीची खुबी मला फार मोलाची वाटते. कारण आपल्याकडे ‘दमा’ हा शब्द उच्चारताच आई गप्प होते, आणि मुलगी असेल तर पुढे लग्नात अडचण नको म्हणून ‘कफाची प्रकृती आहे’ एवढ्या मोघम उत्तरावर वेळ मारून नेते. या पाहणीत ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व आयर्लंड येथील दम्याच्या लक्षणांचे प्रमाण सर्वांत अधिक निघाले आणि सर्वांत कमी प्रमाणाच्या देशांत हिंदुस्थानही आला. हा फरक हवेचा, अन्नाचा, राहणीचा असेलही. तथापि त्यातला काही अंश शब्दाच्या पदरी घातला पाहिजे, अशी माझी पक्की धारणा आहे.

कारण शब्द सापडता सापडत नाही. प्रथम मी ‘घरघर’ सुचविला होता, आणि त्याला आधारही भक्कम होता : चरकसंहितेत पाच प्रकारचे श्वास सांगितले आहेत, त्यांपैकी तमकश्वासाच्या वर्णनात ‘घुर्घुरक’ हा ध्वनी आला असून, हा रोगी उठून बसला म्हणजे त्याला बरे वाटते आणि ढगाळ, थंड हवेत त्याचा त्रास बळावतो, हे दम्याशी तंतोतंत जुळणारे निरीक्षणही तेथेच आहे. परंतु तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी, त्या स्नेह्याच्या दवाखान्यात नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या एका आजीबाईंना मी ‘याच्या छातीत घरघर होते का?’ असे विचारले मात्र, त्यांचा चेहरा एकदम उतरला. “असं अभद्र बोलू नका दादा,” त्या म्हणाल्या, “घरघर आमच्या मामंजींना लागली होती, शेवटच्या रात्री.” तो शब्द मी त्याच क्षणी मसुद्यातून काढला. ‘दम लागतो का?’ हेही निरुपयोगी, कारण फारसीतून आलेला हा दम आपण धरतो, देतो, खातो, आणि धावून आलेल्या निरोगी पोरालाही तो लागतोच. पुढे त्याच बाकावर एका तरुण आईने मला आपण होऊन सांगितले, “रात्री ह्याची छाती सुंईसुंई वाजते.” त्या दिवशी घरी परतताना मला जो आनंद झाला, तो एखादे दुर्मीळ हस्तलिखित हाती लागावे तसा होता.

स्पॅनिश मसुदाकारांनीही शिट्टीवाचक शब्दच पसंत केले. आणि प्रत्यक्ष इंग्रजीत तरी सारे आलबेल कोठे आहे? २००० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका अभ्यासात आईबाप ज्याला व्हीझ म्हणत होते, त्याच्याशी डॉक्टरांचे मत निम्म्याहून कमी वेळा जुळले. शब्दांची ही अडचण ओळखून वेलिंग्टनच्या संशोधकांनी त्याआधीच शब्द टाळून पाच दृश्यांची चित्रफीत तयार केली : ती मुलाला दाखवावयाची आणि तुझा श्वास कधी असा झाला होता का, एवढेच विचारावयाचे. मला ही युक्ती विलक्षण वाटते.

अशा प्रश्नावल्यांच्या तर्जुम्याची रीतसर पद्धत थोडक्यात सांगतो. दोघांनी स्वतंत्र तर्जुमे करावयाचे, त्यांचा एक मसुदा करावयाचा, मूळ न पाहिलेल्या माणसांकडून तो उलट इंग्रजीत आणवावयाचा, जाणकारांच्या समितीने तपासावयाचा आणि शेवटी तीस-चाळीस जणांवर अजमावावयाचा.

पण उलट तर्जुम्यावर माझा फारसा भरवसा नाही. ‘घरघर’ इंग्रजीत परत जाऊन निर्दोष ठरली असती, आजीबाईंपुढे मात्र ती टिकली नाही. शिवाय शब्द जुळले तरी राहणी जुळेलच असे नाही. कॅनडातील संशोधिका एलिझाबेथ जुनिपर यांच्या, दमेकरी मुलांसाठीच्या तेवीस प्रश्नांच्या प्रश्नावलीत मुलाने त्रासदायक अशा तीन क्रिया निवडावयाच्या असतात. त्या यादीतील बर्फावरची घसरगाडी आपल्या मुलाला काय कामाची? तेथे खो-खो हवा, लंगडी हवी, विहिरीवरून घागर आणणेही हवे.

‘सुंईसुंई’ हा शब्द मी देशावर ऐकला. कोकणात, वऱ्हाडात, खानदेशात, गोव्यात, बेळगावकडे आया याच आवाजाला काय म्हणतात, ते वाचकांनी या अंकाच्या संपादकांकडे पत्राने अवश्य कळवावे. शब्दासोबत गाव आणि तालुका लिहावा.