पाऊस झेलणारे कापड

श्रीरामपूरच्या बाजार समितीच्या आवारात अवेळी पावसाची सर आली की, प्रथम धावपळ उडते ती ताडपत्रीसाठी. बाहेर रस्त्याने जाणारा मेंढपाळ मात्र डोक्यावरून घोंगडीची खोळ घेऊन शांतपणे चालत असतो. ताडपत्री व घोंगडी ही दोन्ही पावसापासून रक्षण करतात. परंतु त्यांची रीत भिन्न आहे. हा भेद न जाणल्यास मालाची नासाडी होऊ शकते.

पाण्याच्या कणांना परस्परांविषयी ओढ असते. सुती धाग्यालाही पाण्याची ओढ असल्याने त्यावर पडलेला थेंब पसरतो व जिरतो. मेणचट पृष्ठभागास ही ओढ नसते. तेथे थेंब गोल होऊन घरंगळतो. अळवावरचे पाणी ठरत नाही ते पानावरील सूक्ष्म मेणचट उंचवट्यांमुळेच.

लोकरीच्या तंतूचा पृष्ठभागही निसर्गतःच स्निग्ध असतो. म्हणून दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी पावसाची सर झेलते आणि विणीतील छिद्रे मोकळी असल्याने अंगाचा दमटपणाही बाहेर जातो. दीर्घकाळच्या मुसळधार पावसात मात्र ती भिजतेच. गिरण्यांत कापडावर मेण, सिलिकोन किंवा फ्लोरिनयुक्त रसायनांचा लेप देऊन हाच गुण आणतात. फ्लोरिनयुक्त रसायनांपैकी काही निसर्गात दीर्घकाळ विघटित होत नाहीत. म्हणूनच त्यांतील पीएफओएस २००९ साली आणि पीएफओए २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या नियंत्रणाखाली आणण्यात आले.

ताडपत्रीची गोष्ट निराळी. १८२३ साली चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांमध्ये रबराचा थर देण्याचे पेटंट घेतले. आजच्या ताडपत्रीत बहुधा प्लॅस्टिकचा थर असतो. अशा थराने छिद्रेच बुजतात. पाणी आत येत नाही, तशी वाफही बाहेर जात नाही. म्हणून कांद्याच्या वा धान्याच्या ढिगावर ताडपत्री दीर्घकाळ राहिल्यास आतील बाष्पाचे थेंब जमून माल सडतो किंवा त्यास बुरशी लागते. पाऊस ओसरताच ती काढून मालास हवा देणे आवश्यक आहे.

पाणी परतविणाऱ्या कापडात साबणाचा अंश राहिल्यास त्याचा गुण उणावतो. म्हणून ते स्वच्छ पाण्यात नीट खळबळावे. शिक्षकांनी सुती कापडाच्या अर्ध्या भागावर मेणबत्ती घासून दोन्ही भागांवर पाण्याचे थेंब टाकून दाखवावेत. एवढ्या साध्या प्रयोगाने हे तत्त्व विद्यार्थ्यांच्या, आणि त्यांच्याद्वारे घरोघरीच्या शेतकऱ्यांच्या, ध्यानी येईल.