घरात कॅन्सरचा वारसा आहे? मुलाबाळांचा निर्णय घेण्याआधी हे समजून घ्या

आजीला स्तनाचा कॅन्सर, मावशीला अंडाशयाचा आणि आता आईलाही. अशा घरातली मुलगी लग्नाची झाली की तिला दोन प्रश्न सतावतात. मला होईल का? आणि उद्या माझ्या लेकराला?

स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांपैकी साधारण ५ ते १० जणींचाच आजार वारशाने आलेला असतो. त्यात बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतला दोष मुख्य. दोष असलेल्या बाईला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका ६० टक्क्यांच्या वर जातो. अंडाशयाच्या कॅन्सरचा धोकाही बराच वाढतो. तरी होणारच, असं नाही.

दोष बापाकडूनही येतो

आई किंवा वडील, कोणाकडूनही हा दोष येऊ शकतो. प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के, मग मुलगा असो की मुलगी. त्यामुळे सुनेच्या माहेराकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

वयाचं गणित

अंडाशयाचा कॅन्सर लवकर ओळखणारी भरवशाची तपासणी नाही. म्हणून मुलं झाल्यावर अंडाशय व नळ्या काढण्याचा सल्ला डॉक्टर देतात. बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४०, बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५ या वयात. त्यानंतर पाळी थांबते आणि नैसर्गिकरीत्या दिवस जात नाहीत. खरी कोंडी इथंच होते. कुणी मूल लवकर होऊ देते, कुणी बीजांडं गोठवून ठेवते, कुणी दत्तक घेते, तर कुणी मूल नकोच म्हणते.

टेस्ट ट्यूब पद्धतीत भ्रूण तपासून दोष नसलेलं भ्रूण गर्भाशयात सोडता येतं. पण खर्च मोठा आणि यशाची हमी नाही. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग तपासणीला मात्र सक्त मनाई आहे. शिवाय, आईच्या वेळी ही सोय असती तर आपण जन्मलोच नसतो, हा विचारही काहींना अस्वस्थ करतो.

आधी काय करावं?

शक्यतो कॅन्सर झालेल्या नातेवाइकाची रक्ततपासणी आधी करावी. तिच्यात दोष सापडला, तर घरातल्या इतरांना नेमकं उत्तर मिळतं. तपासणीआधी समुपदेशन घ्यावं. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात त्यासाठी वेगळा विभाग आहे. नवऱ्यानं आणि सासरच्यांनी सोबत जरूर जावं, पण शेवटचा शब्द तिचाच असावा.