गणेशगुडीचे दोन पिवळे बुलबुल

जोयडा तालुक्यात गणेशगुडीजवळ काळी नदीवर सुपा धरण बांधलं गेलं, तेव्हा सुरुंगाची दारू साठवायला जंगलात एक कोठार उभारलं होतं. तेच आजचं ‘ओल्ड मॅगझिन हाऊस’. आता तिथे पक्षिनिरीक्षक मुक्कामाला येतात. झाडांखाली पाण्याची उथळ कुंडं मांडलेली आहेत. उन्हाळ्यात दुपार कलली की पक्षी आंघोळीला उतरतात आणि आडोशाला बसलेल्या नवख्यांची परीक्षा सुरू होते. काठावर बसलेला हा पिवळा बुलबुल नेमका कोणता, लाल गळ्याचा की पिवळ्या भुवईचा?

रंगावर भिस्त ठेवली की फसगत ठरलेली. दोघांचंही पोट पिवळंधमक, पाठ हिरवट. शिपाई बुलबुलासारखा ताठ तुरा दोघांनाही नाही. एकाची लांबी साधारण 18 सेंटिमीटर, दुसऱ्याची 20. एवढा फरक पानांच्या गर्दीत कळत नाही.

म्हणून जाणकारांची नजर आधी डोक्यावर जाते.

लाल गळ्याच्या बुलबुलाचं डोकं काळंभोर. त्यात फिकट, जवळजवळ पांढरा डोळा लगेच उठून दिसतो. चोचीखालचा माणकासारखा लाल गळा मात्र सावलीत काळपट वाटतो. पक्ष्याने मान वर करून त्यावर उजेड पडला की खरा रंग कळतो. पिवळ्या भुवईच्या बुलबुलाच्या डोक्यावर काळ्याचा मागमूस नाही. माथा पाठीसारखाच हिरवट, डोळा गडद, चोच काळी आणि डोळ्यावर पिवळी भुवई. हा जोडीने किंवा छोट्या थव्यात हिंडतो, इतर पक्ष्यांच्या मिश्र थव्यातही मिसळतो. त्याची खणखणीत शीळ बऱ्याचदा तो दिसण्याआधीच कानावर येते.

लाल गळ्याचा बुलबुल जगात फक्त पश्चिम घाटात सापडतो. शेजारच्या गोव्याचा तो राज्यपक्षी. आग्नेय आशियापर्यंत पसरलेल्या काळ्या तुऱ्याच्या बुलबुलाची उपजात म्हणून त्याची पूर्वी गणना व्हायची. आता तो स्वतंत्र जात मानला जातो. पिवळ्या भुवईचा दक्षिण भारताबरोबर श्रीलंकेतही आढळतो.

लालबुड्या बुलबुल गावातल्या परसातही संसार थाटतो. या दोघांना मात्र दाट सावलीचं रान लागतं. तिथली फळं खाऊन ते बिया दूरवर टाकतात, रान वाढायला हातभार लावतात. म्हणून गणेशगुडीला जाल तेव्हा मोबाइलवर त्यांचा आवाज वाजवू नका, फ्लॅश मारू नका, घरट्याजवळ जाऊ नका. कुंडापासून लांब, गप्प बसा; पक्षी आपणहून येतात.