हरियल

हरियल (शास्त्रीय नाव: ट्रेरॉन फिनिकॉप्टेरस) हा कपोत कुलातील फलाहारी पक्षी असून महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. मराठीत त्यास हरोळी किंवा पिवळ्या पायांची हरोळी असेही म्हणतात. भारतीय उपखंडापासून व्हिएतनामपर्यंत तो आढळतो. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (राजगड) तालुक्यांत तो वनांत, देवरायांत आणि गावालगतच्या जुन्या वड-उंबरांवर दिसतो.

वर्णन

हरियल आकाराने पारव्याएवढा, सुमारे ३३ सेंमी लांबीचा असतो. डोके राखाडी, मान व छाती पिवळसर हिरवी, खांद्यावर फिकट जांभळा डाग, काळसर पंखांवर पिवळी रेघ आणि पाय पिवळेधमक असतात. मादीचे रंग किंचित फिके असतात. पानांत तो इतका मिसळून जातो की, पुष्कळदा खाली पडणाऱ्या फळांवरून आणि शिळेसारख्या मधुर आवाजावरूनच थव्याचा पत्ता लागतो. सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी कपाळाच्या हरोळीचे पाय मात्र लाल असतात.

आहार

वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक या वृक्षांची फळे हे त्याचे मुख्य अन्न होय. जांभळे व बोरेही तो खातो. जमिनीवर तो क्वचितच उतरतो. वड-उंबरांची फुले फळासारख्या गाभ्यात दडलेली असतात. ‘उंबराचे फूल’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. त्यांचे परागण चिमुकल्या कीटकांकडून होते. ही झाडे एकाच हंगामात फळत नाहीत. त्यामुळे इतर फळे नसतानाही त्यांच्यावर पक्ष्यांचे पोषण होते.

हरियलाच्या पेषणीत, म्हणजे अन्न दळणाऱ्या स्नायुमय पिशवीत, या फळांच्या बहुतेक बिया भरडल्या जातात. त्यामुळे बीजप्रसाराचे काम मुख्यतः बुलबुल, तांबट, धनेश इत्यादी पक्षी करतात. ज्या झाडांवर हरियल जगतो, ती झाडे इतरांनी पेरलेली असतात.

प्रजनन

विणीचा हंगाम प्रामुख्याने मार्च ते जून असतो. काटक्यांच्या विरळ घरट्यात मादी सहसा दोन पांढरी अंडी घालते. नर व मादी दोघेही ती उबवतात.

अधिवास व संवर्धन

भोर-वेल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कड्यालगत निमसदाहरित, तर पूर्वेकडे पानझडी वने आहेत. देवाच्या नावाने राखलेल्या देवरायांत मोठे वृक्ष टिकून राहिले. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व मांडले. धरणे, कोळशासाठीची वृक्षतोड, रस्ते आणि मंदिरांचे नूतनीकरण यांमुळे अशी झाडी घटत गेली.

जागतिक पातळीवर हरियल संकटग्रस्त नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याच्या शिकारीस बंदी आहे. परंतु तेवढ्याने त्याचे अन्न सुरक्षित होत नाही. ग्लिरिसिडिया किंवा सुबाभूळ लावल्याने डोंगर हिरवा दिसतो, पण त्यांच्या कोरड्या शेंगा हरियलाच्या उपयोगाच्या नसतात. जुना वड तुटल्यास नवे रोप तेवढे फळण्यास अनेक दशके लागतात. म्हणून उभे वृक्ष राखणे हेच त्याच्या संवर्धनाचे पहिले पाऊल ठरते.