तारे, आंकडे आणि मुलें

अमेरिकेंत उत्तर कॅरोलायना राज्यांतील कॅरी या गांवीं माझ्या भाच्याचें बिऱ्हाड आहे. त्या बाजूस नोकरीनिमित्त जाऊन राहिलेलीं महाराष्ट्रीय कुटुंबें पुष्कळ. त्यामुळें तेथल्या मुक्कामांत मराठी बोलण्याचा किंवा पुरणपोळीचा तुटवडा मला कधीं भासला नाहीं. परंतु फेब्रुवारींतल्या एका शनिवारीं संध्याकाळीं दिवाणखान्यांत पाऊल टाकलें, तों घरांत चक्क दोन तट पडलेले! भाच्याच्या अंगांत फिकट निळा सदरा, तर त्याच्या थोरल्या मुलीच्या अंगांत गडद निळा. भाचा चॅपेल हिल येथील विद्यापीठांत शिकला, मुलगी डरहॅम येथील ड्यूक विद्यापीठांत शिकते, आणि जेमतेम दहा मैलांच्या अंतरावर असलेल्या या दोन संस्थांचा त्या रात्रीं बास्केटबॉलचा सामना होता. "मामा, तुम्ही मधल्या खुर्चीवर बसूं नका, दोन्हींकडून मार बसेल!" असें भाचेसुनेनें स्वयंपाकघरांतूनच बजाविलें.

मला वाटलें, आतां खेळ पाहावयाचा. परंतु या मंडळींचा खेळ चेंडू उडण्यापूर्वींच सुरू झालेला असतो, आणि सामना संपला तरी तो संपत नाहीं. कोणता खेळाडू थोर, कोणाचे आंकडे फसवे, पुढल्या वर्षीं कोणता मुलगा कोणत्या कॉलेजांत येणार, यांवर बाप-लेकींत जो वाद चालतो त्यापुढें आपल्याकडील संगीत नाटकांच्या रसिकांचे वाद फिके पडावेत! दोन महिने तो वाद ऐकून या शास्त्राची जी थोडीबहुत ओळख झाली ती वाचकांपुढें ठेवीत आहें. विषय परका आहे खरा. पण त्याच्या मुळाशीं असलेली गोष्ट, म्हणजे पोरांच्या गुणांची पारख करण्याची हौस, आपल्या कोणत्या घरांत नाहीं?

हा खेळच मुळीं विद्यार्थ्यांसाठीं जन्मला. १८९१ सालच्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड येथील शाळेंत जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें सज्जाला दोन पीचच्या टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि थंडींत घरांत कोंडलेल्या तरुणांना खेळास लाविलें. पुढें हा खेळ कॉलेजांत पसरला. पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ सालीं आठ संघांवर सुरू झाली; २०११ पासून तींत ६८ संघ घेऊं लागले. मार्चमध्यें या स्पर्धेचा तक्ता जाहीर होतो आणि घरोघर भाकितें भरलीं जातात. मुख्य ६३ सामन्यांचे निकाल किती निरनिराळ्या तऱ्हांनीं लागूं शकतील, याचा हिशेब केला तर नवावर अठरा शून्यें इतकी संख्या येते. तरी प्रत्येकास वाटतें कीं, आपलाच तक्ता बरोबर! २०१८ सालीं व्हर्जिनियाचा पहिल्या मानांकनाचा संघ सर्वांत खालच्या मानांकनाच्या एका संघाकडून वीस गुणांनीं हरला. असें पुरुषांच्या स्पर्धेंत पूर्वीं कधींच घडलें नव्हतें. आणि तोच व्हर्जिनिया पुढल्या वर्षीं अजिंक्य ठरला!

त्या रात्रीं पहिला वाद निघाला तो पीट मॅराविच आणि केटलिन क्लार्क यांचा. मॅराविच हा लुइझियानाचा खेळाडू. १९६७ ते १९७० या तीन वर्षांत त्यानें ८३ सामन्यांत ३,६६७ गुण केले. सामन्यास सरासरी ४४.२. हा आंकडा अर्धें शतक अढळ राहिला. आयोवाच्या केटलिन क्लार्क हिनें मार्च २०२४ मध्यें तो ओलांडला आणि कॉलेज सोडतांना ३,९५१ गुणांवर ती थांबली.

"तिला १३९ सामने लागले," भाचा म्हणाला. "शिवाय मॅराविचच्या वेळीं लांबून मारलेल्या चेंडूला तिसरा गुण नव्हता, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघांत घेतही नसत."

"पण बाबा, तो सामन्यास अडतीस वेळां चेंडू फेंकीत असे!" मुलगी उसळून म्हणाली. "प्रशिक्षक त्याचे वडीलच होते, अडविणार कोण? क्लार्कनें गुण केलेच, शिवाय सोबतिणींच्या हातीं चेंडू देऊन त्यांच्याकडूनही हजारांवर वेळां गुण करविले. ते कोणाच्या खात्यांत मांडावयाचे?"

इतक्यांत पदराला हात पुसत भाचेसून बाहेर आली. ती म्हणाली, "तुमच्या दोघांच्याही वहींत लिनेट वुडर्ड कोठें आहे? तिनें कॅन्ससकडून १९७७ ते १९८१ या चार वर्षांत ३,६४९ गुण केले. तेंही पुरुषांच्याच मोठ्या चेंडूनें. पण त्या काळीं स्त्रियांच्या स्पर्धा वेगळी संस्था चालवी, म्हणून राष्ट्रीय मंडळाच्या वहींत ते गुण कित्येक वर्षें धरलेच नव्हते. जी वही कोणीं उघडली नाहीं, तींतले गुण काय खोटे?" या प्रश्नावर दोन्ही तट निरुत्तर झाले. मला मात्र त्यांत मोठें तथ्य दिसलें. आंकडा खोटें बोलत नाहीं असें म्हणतात. परंतु काय मोजावयाचें आणि कोणाचें मोजावयाचें हें आंकडा ठरवीत नाहीं, माणूस ठरवितो.

या रसिकांत जे जाणते आहेत ते नुसत्या गुणांवर विसंबत नाहींत. त्यांचें गणित असें. एका संघानें ९० गुण केले आणि दुसऱ्यानें ७०, तर पहिला संघ चढाईंत सरस असें सामान्य माणूस म्हणेल. पण पहिल्याच्या हातीं चेंडू ७५ वेळां आला असेल आणि दुसऱ्याच्या ५६ वेळां, तर पहिल्यास दर खेपेस १.२० गुण पडले व दुसऱ्यास १.२५. म्हणजे सावकाश खेळणारा संघच संधीचें सोनें करण्यांत अधिक तरबेज! चॅपेल हिलचे विख्यात प्रशिक्षक डीन स्मिथ हे असा खेपेगणिक हिशेब फार पूर्वींपासून ठेवीत. पुढें एकविसाव्या शतकांत तोच सर्वमान्य झाला. लांबच्या फेंकीचेंही तसेंच. जवळून शंभरांत पन्नास वेळां साधणारा खेळाडू १०० गुण करतो. लांबून शंभरांत पस्तीसच साधणारा १०५ करतो. अधिक वेळां चुकणाराच येथें अधिक फायद्याचा ठरतो!

मात्र याही हिशेबांत न मावणारें कांहीं उरतेंच. २०१२ सालच्या अंतिम सामन्यांत केंटकीच्या अँथनी डेव्हिस यानें दहांपैकीं नऊ फेंकी चुकविल्या व अवघे सहा गुण केले. तरी स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला, आणि त्यास कोणीं नांवें ठेविलीं नाहींत. कारण परतलेले १६ चेंडू त्यानें झेलले होते, सहा वेळां प्रतिपक्षाची फेंक हवेंतच अडविली होती, आणि त्याच्या नुसत्या उभें राहण्यानें किती फेंकी बिघडल्या त्याची तर नोंदच नाहीं.

आतां भरतीचें प्रकरण. कॉलेजला खेळाडू हवा असतो आणि मुलाला शिष्यवृत्ति. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला कीं त्याची उंची, हातांची लांबी, उडी, गुण हें सारें टिपून परीक्षक त्यास तारे देतात. पांच तारे म्हणजे सर्वोत्तम. मग नामांकित प्रशिक्षक त्याच्या घरीं येऊन दिवाणखान्यांत बसतात, आईच्या हातच्या जेवणाची तारीफ करतात आणि आपल्याकडे आल्यास मुलाचें कसें कल्याण होईल तें सांगतात. हें वर्णन ऐकून मला आपल्याकडील स्थळें पाहण्याचा थाट आठवला. तीच टिपणें, तीच उंचीची चौकशी, आणि बाहेर ओटीवर तर्क करीत बसलेले तेच शेजारी!

तारे नेहमींच चुकतात असें नव्हे. मेन राज्यांतील कूपर फ्लॅग याच्याविषयीं फार बोलबाला झाला होता. तो ड्यूकमध्यें आला, अठरावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच मैदानांत उतरला आणि २०२५ सालीं धंदेवाईक संघांच्या निवडींत पहिला निवडला गेला. परंतु ज्या डेव्हिसची गोष्ट वर सांगितली, त्याला शिकागोच्या शाळेंत सुरुवातीला कोणीं विचारीतही नव्हतें. मग दोन-एक वर्षांत तो सुमारें आठ इंच वाढला आणि एकाएकीं सर्वांच्या याद्यांत अग्रभागीं आला! मुलगा तोच, पण परीक्षक आले तेव्हां तो पुरता वाढलेलाच नव्हता.

याहून बोधप्रद गोष्ट स्टीफन करी याची. त्याचे वडील नामांकित खेळाडू. पण ज्या व्हर्जिनिया टेकमध्यें ते गाजले त्या संस्थेनेंही मुलास शिष्यवृत्ति देऊं केली नाहीं. अंगानें अगदींच सडपातळ, याचें काय होणार, असा सर्वांचा कौल. अखेर उत्तर कॅरोलायनांतीलच डेव्हिडसन या दोन हजारांहून कमी विद्यार्थ्यांच्या कॉलेजानें त्यास घेतलें. २००८ सालीं त्यानें त्या चिमुकल्या संघास राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत नेलें. तेथें कॅन्ससशीं ५९–५७ असा केवळ दोन गुणांनीं संघ हरला. पुढें डिसेंबर २०२१ मध्यें धंदेवाईक खेळांत तीन गुणांच्या फेंकींचा सर्वांत मोठा विक्रम याच सडपातळ मुलाच्या नांवावर लागला.

येथवर वाद गमतीचा होता. पण अलीकडे या वादांस एक कडवट चव आली आहे. पूर्वीं या खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे कांहीं मिळत नसे; त्यांच्या खेळावर कॉलेजें मात्र गबर होत. हा अन्याय होता. १ जुलै २०२१ पासून स्वतःच्या नांवावर पैसे मिळविण्याची त्यांस मोकळीक झाली, आणि २०२५ सालच्या न्यायालयीन तडजोडीनें कॉलेजांनाही खेळाडूंस थेट पैसे देतां येऊं लागले. पहिल्या वर्षाची मर्यादा दर संस्थेस सुमारें २ कोटि ५ लक्ष डॉलर. झालें तें न्याय्यच. परंतु त्याबरोबर प्रेक्षकांची जीभ सैल झाली. मुलाच्या प्रत्येक चुकीला आतां किंमत लावली जाते. त्यांतच पैजांची भर. उत्तर कॅरोलायनांत मार्च २०२४ पासून मोबाईलवरून पैज लावणें कायदेशीर झालें, आणि हरलेले लोक खेळाडूंनाच शिव्याशाप लिहून पाठवूं लागले. एकेका विद्यार्थ्याच्या कामगिरीवर पैज घेण्यास बंदी करावी, अशी मागणी त्याच महिन्यांत राष्ट्रीय मंडळाच्या अध्यक्षांनीं केली.

त्या रात्रींही तसेंच झालें. अखेरच्या मिनिटांत फिकट निळ्या संघाचा एक मुलगा फ्री थ्रो घेण्यास उभा राहिला आणि दोन्ही फेंकी चुकला. भाचा ताडकन् उठला. "शंभरांत साठसुद्धां साधत नाहींत! कशाला घेतला याला? इतके पैसे कशाचे देतात?" असें तो मोठ्यानें बोलला.

भाच्याचा धाकटा मुलगा तोंवर कोपऱ्यांत गप्प बसला होता. त्याचें वय सतरा; कॉलेजच्या प्रवेशासाठीं त्यानें अर्ज केले होते आणि रोज उत्तरांची वाट पाहत होता. तो हळूच म्हणाला, "बाबा, तो माझ्याहून दोनच वर्षांनीं मोठा आहे."

कोणींच कांहीं बोललें नाहीं. भाचा खालीं बसला. पडद्यावर तो मुलगा मान खालीं घालून परतत होता, आणि त्याच्या सोबत्यानें त्याच्या पाठीवर हात ठेविला होता. थोड्या वेळानें भाच्यानें मुलास जवळ बसविलें आणि विचारलें, "आज कांहीं पत्र आलें का रे?" माझ्या आठवणींत त्या सबंध संध्याकाळींत आंकड्यांशिवाय विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता.

आंकडे वाईट नाहींत. ते नसते तर वुडर्डवरील अन्याय सिद्ध कसा झाला असता? घडलेल्या गोष्टीची साक्ष ते उत्तम देतात. वाढत्या मुलाचें भविष्य मात्र त्यांना चाचपडतच सांगावें लागतें. आणि त्या मुलाची किंमत ठरविण्याचा अधिकार तर त्यांना मुळींच नाहीं. परीक्षेचा निकाल हातीं घेऊन मुलापुढें उभें राहणाऱ्या आपल्यापैकीं प्रत्येकानें हा भेद लक्षांत ठेविला पाहिजे.

करीची गोष्ट अर्धीच सांगितली होती. पदवी न घेतांच त्यानें २००९ सालीं कॉलेज सोडलें होतें. डेव्हिडसनचा दंडक असा कीं, पदवीधर झाल्याखेरीज कोणाही खेळाडूच्या सदऱ्याचा क्रमांक सन्मानानें भिंतीवर लावावयाचा नाहीं. जगभर कीर्ति झाली तरी त्याचा ३० हा आंकडा तेथें लागला नाहीं. अखेर २०२२ च्या मे महिन्यांत त्यानें राहिलेला अभ्यास पुरा करून पदवी मिळविली, आणि ऑगस्टांत तो क्रमांक समारंभपूर्वक वर चढला. तोंवर त्या छोट्या कॉलेजानें तेरा वर्षें वाट पाहिली होती.