देवासच्या टेकडीखाली भेटलेला इतिहास

दरवर्षी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी एक काम सांगते. विसाव्या शतकात जगाला कलाटणी देणाऱ्या पाच घटना लिहून आणा. उत्तरे ठरलेली असतात. १९१४ चे महायुद्ध, १९१७ ची रशियन क्रांती, १९४५ चा अणुबाँब, १९४७ चे स्वातंत्र्य आणि १९८९ साली पडलेली बर्लिनची भिंत. गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, "मॅडम, यातलं आपल्या घरापर्यंत काय आलं?" वर्ग हसला. मीही काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

उत्तर मिळाले ते डिसेंबरच्या सुटीत, माळव्यात. माझे माहेर मराठी, सासर कानडी. सोबत सासूबाई होत्या. त्यांना आमच्या घरात सगळे अव्वा म्हणतात.

आधी आम्ही धारला गेलो. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव १७७५ साली इथल्याच किल्ल्यात जन्मला. धारचे पवार आणि देवासचे पवार एकाच घराण्याचे. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत होती. थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडे १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर खासगी चिटणीस म्हणून राहिले. याच महाराजांना कोल्हापूरच्या शाहू महाराजांची कन्या दिली होती. म्हणजे देवास आपल्याला वाटते तितके परके नाही.

पण आम्ही गेलो होतो ते आपल्या माणसासाठी. देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी 'भानुकुल' हे घर आहे. पंडित कुमार गंधर्वांचे. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. घरची भाषा कानडी, मुंबईत देवधर मास्तरांकडे गाणे शिकले, आणि मराठी माणसाने त्यांना कायमचे आपले मानले. आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांना हे समजावून सांगावे लागत नाही.

१९४७ साली देश स्वतंत्र होत होता, तेव्हा तेवीस वर्षांच्या या गवयाला क्षय जडला. कोरडी हवा हवी म्हणून डॉक्टरांनी मुंबई सोडायला सांगितली. १९४८ च्या जानेवारीअखेरीस ते पत्नी भानुमतींसह देवासला आले. त्याच दिवसांत दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. चार महिन्यांत, २८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य जन्माला आले आणि धार, देवास ही संस्थाने त्यात विरून गेली. बाहेर एवढी उलथापालथ चालली होती आणि घरात एका गायकाला गाण्याचीच बंदी होती. तो अंथरुणावर पडून रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने ऐकत होता.

आता मुलांच्या यादीत कधीच न येणारी घटना सांगते. १९४३ साली, जग युद्धात होरपळत असताना, अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाला मातीतल्या एका सूक्ष्म जिवापासून नवे औषध सापडले. त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिन. पेनिसिलिन क्षयाच्या जंतूपुढे हतबल होते. हे औषध मात्र त्याच्यावर चालले. तोवर क्षय म्हटले की चांगली हवा, दूध, अंडी आणि देवाचा धावा, एवढेच हाती असे. कुमारजींना हे औषध १९५२ च्या सुमारास मिळाले. भानुमतींनी जिवापाड शुश्रूषा केली. एक फुप्फुस कायमचे निकामी झाले, पण १९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले. लहान, ठसठशीत स्वरवाक्यांचे ते नवे गाणे, माळव्याची लोकगीते, निर्गुणी भजने, हे सारे त्यानंतरचे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांनी 'गांधी मल्हार' रचला.

भानुकुलच्या बाहेर मी हे सगळे उत्साहाने सांगत होते. अव्वा गप्प होत्या. त्यांचा जन्म १९४८ चा. त्यांचे वडील १९४९ साली क्षयाने गेले, तेव्हा त्या रांगत होत्या. वडिलांचा एकच फोटो त्यांच्याकडे आहे, तोही लग्नातला, चेहरा निम्मा पुसलेला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "औषध इत्तु. नम्म मनीतनक बरलिल्ल." औषध होते. आमच्या घरापर्यंत आले नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. जगातली कलाटणी एका तारखेला होत नाही. ती एका घरी आधी पोचते, दुसऱ्या घरी उशिरा, तिसऱ्या घरी पोचतच नाही. १९४३ साली सापडलेल्या औषधाने सुळेभावीच्या एका मुलाचे गाणे वाचवले. आमच्या अव्वांचे वडील वाचवले नाहीत. मधल्या काळात पैसा, ओळख, अंतर आणि नशीब यांनी काय केले, तेही इतिहासातच मोडते.

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्या भागात कुणी विसरत नाही. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि त्याच दिवशी देवासही मध्य भारतातून मध्य प्रदेशात गेले. या तारखेवर आपण पुष्कळ बोललो, भांडलो. पण घराघरांतल्या दुसऱ्या तारखा कुणी लिहून ठेवल्या?

परतल्यावर मी वर्गाला नवे काम दिले. पाच घटना लिहाच, पण प्रत्येकीपुढे ती तुमच्या घरी कधी आणि कशी पोचली, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून लिहा. कानडीत सांगितले तर कानडीत, मराठीत सांगितले तर मराठीत.

वाचकहो, तुमच्याही घरी अशी एखादी अव्वा, आज्जी, अज्जा असतील. आज रात्री जेवताना विचारून पाहा. आमच्या अव्वांना हे विचारायला मला लग्नानंतर वीस वर्षे लागली.